वाळवी लागलीय हे वेळीच कसं ओळखाल?

म्हैसूरच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत हजारो ताडपत्रे जपून ठेवली आहेत. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'ची पोथी १९०५ साली आर. शामशास्त्री यांनी ओळखली ती इथेच. कीड लागू नये म्हणून तिथे पोथ्यांना गवती चहाचं तेल लावतात. आपल्या कपाटातलं खरेदीखत, मुलांच्या मार्कशीट, जुने फोटो यांना मात्र आपणच जपायला हवं. वाळवी आतून खाते. वरून सगळं धडधाकट दिसतं. म्हणून या खुणा पाहा.

मातीच्या रेषा: भिंतीच्या कडेला, चौकटीवर, कपाटामागे पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी दिसते. वाळवीला कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती असा झाकलेला रस्ता बांधते.

पोकळ आवाज: चौकट, खिडकी, दिवाण बोटाने वाजवून पाहा. पोकळ वाजलं किंवा रंगाला फुगे आले असतील, तर आत पोखरलेलं असू शकतं.

गळलेले पंख: पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी दिव्याभोवती येते. बाहेरून दोन-चार आली तर घाबरू नका. पण खिडकी बंद असूनही घरात पंखांचा ढीग दिसला, तर वारूळ घराखालीच असण्याची शक्यता आहे. चारही पंख सारखे आणि कंबर जाड असेल तर वाळवी; कंबर बारीक आणि पुढचे पंख मोठे असतील तर मुंगी.

भुकटी: लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर तो बहुधा लाकूड पोखरणारा भुंगा. त्याचा उपाय वेगळा.

माती दिसली की लगेच सगळी पुसून स्प्रे मारू नका. नळीचा छोटा तुकडा मोडा, फोटो काढा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. ती पुन्हा बांधली गेली, तर वाळवी नक्की जिवंत आहे. मोडलेली तशीच राहिली, तरी दुसरीकडे शोधा. ती रस्ता बदलते.

वारूळ बहुधा जमिनीत असतं. त्यामुळे नुसत्या चौकटीवर रॉकेल किंवा औषध लावून भागत नाही. भिंतीच्या पायाशी भोकं पाडून औषध सोडावं लागतं. बांधलेल्या घरासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. काम देताना त्याप्रमाणे करणार का, असं जरूर विचारा.

तोवर गळका नळ दुरुस्त करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि महत्त्वाची कागदपत्रं पुठ्ठ्याच्या खोक्यातून स्टीलच्या पेटीत हलवा.