टॅली मांडा, मग हप्ता भरा



हा अंक तीन महिने उशिरा तुमच्या हातात पडतोय. कारणं सांगत बसायची आमची पद्धत नाही. पण या खेपेला कारण हाच अग्रलेख आहे. कागदाच्या रिमांसाठी पत्र्याच्या डब्यात जमवलेले पैसे मी बहिणीच्या कर्जाच्या हप्त्यात घातले. अठ्ठावन्नशे रुपये. कुणाला न विचारता घातले. नंतर सांगितलं तेव्हा एक सोबती म्हणाला, कविता थोड्या थांबल्या तर मरत नाहीत. दुसरा गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने शर्टाच्या आतून कागदांची घडी काढली आणि माझ्यापुढे टाकली. इंजिनिअरिंगचं कर्ज. सात हप्ते थकलेले. घरात आईला पत्ता नाही. एकाच टपरीवर आम्ही चार वर्षं कटिंग मारतोय, जगातल्या सगळ्या क्रांत्यांवर बोललोय, आणि हे एक बोललो नाही.

लाज. दुसरं काय? जातीवरून शिवी दिली तर आपण गचांडी धरतो, पण बँकेची चिठ्ठी आली की शेजारणीला दिसू नये म्हणून उशीखाली दडवतो. माझा आजा मराठवाड्यात सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, तो उचल घ्यायचा, आणि वर्ष सरताना मालक वहीत बघून सांगायचा, अजून फिटलं नाही. वहीत काय लिहिलंय ते आज्याला वाचता येत नव्हतं. अंगठा तेवढा त्याचा. आम्हाला वाचता येतं, तरी आम्ही वाचत नाही. आज्याला माफ आहे. आम्हाला नाही.

बहिणीचं सांगतो, कारण घरातलं मला पक्कं ठाऊक आहे. मी मॅट्रिक झालो नि गोदीत हजेरीवर लागलो. ती माझ्याहून हुशार. तिने नर्सिंग धरलं, २०१९ साली. आता शेड्यूल्ड कास्टच्या पोरांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते तेव्हाची. स्वातंत्र्याहून जुनी. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या पोराला फीसाठी वणवण करायला लागू नये, हा तिचा अर्थ. कागदावर. प्रत्यक्षात कॉलेजचा क्लार्क काचेमागून बोलला, सरकारचे आले की परत देऊ, तोवर तुम्ही भरा, नायतर सीट जाईल. तोवर म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही. सीट जाईल म्हटल्यावर आम्ही बँकेत पळालो. वर्षाला एक लाख, चार वर्षांचे चार लाख. कर्जदार ती, सहकर्जदार मी. कवितेखाली करतो तीच सही तिथेही केली, फक्त कविता मी वाचून बघतो.

शिष्यवृत्ती आली. खोटं बोलत नाही. दोन वर्षांची, तीही तुकड्यातुकड्याने, आणि आली तेव्हा आई हॉस्पिटलात होती. ते पैसे कर्जात जायला पाहिजे होते. औषधात गेले. आमच्या बाजूच्या चुकाही टॅलीत येऊ देत.

गोदीत बोटीशी टॅली क्लार्क उभा असतो. बोटीतून किती नग उचलले, धक्क्यावर किती उतरले, शेडमध्ये किती गेले, रेघा मारून मांडत राहतो. एक नग कमी भरला की मुकादम आमच्या अंगावर येतो. कर्जाचाही असाच नग न् नग मोजा. दर वरखाली होतो, हिशेबाच्या सोयीला दहा टक्के धरू. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. पोरांना वाटतं, तेवढे दिवस व्याजही झोपलेलं असतं. व्याज झोपत नाही. या काळात सरळव्याज चढतं. पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्या लाखावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. बेरीज १,४०,०००. पहिला हप्ता भरायच्या आधीच चार लाखांचे ५,४०,००० झाले. ही सगळी रक्कम आता मुद्दल म्हणून उभी राहते आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,८००. पहिल्या हप्त्यातले ४,५०० व्याजात जातात, मुद्दल १,३०० रुपयांनी हलतं. बोटीतलं एक पोतं काढावं नि बोट रिकामी झाली म्हणावं, तसं. पंधरा वर्षांत एकूण भरणा होतो १० लाख ४४ हजारांच्या पुढे. तेच दहा वर्षांत फेडलं तर हप्ता ७,१०० च्या वर जातो, पण एकूण साडेआठ लाखांच्या थोडं पुढेच काम आटोपतं.

म्हणून काउंटरवरचा माणूस गोड आवाजात "हप्ता कमी करून देतो" म्हणतो तेव्हा तो उपकार करत नाही, मुदत लांबवतो. पण अठरा हजार पगाराच्या नर्सने काय करावं? खोलीभाडं आहे, आई आहे, ट्रेनचा पास आहे. तिने लांबचीच मुदत घ्यावी. घ्यावीच लागते. मात्र नाइट ड्यूटीचे, दिवाळीचे, कसलेही जादा हातात आले की ते मुद्दलात जमा करा असं लेखी सांगून भरावेत. पहिल्यापासून महिन्याला एक हजार जास्त पडले तर हेच पंधरा वर्षांचं कर्ज अकरा वर्षांच्या आत संपतं आणि दीड लाखाच्या वर पैसे वाचतात. बदलत्या दराच्या कर्जावर असं आगाऊ भरायला दंड नाही. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर पुष्कळ बँका दरात एक टक्का सूट देतात. आमच्याच्यानं ते झालं नसतं. ज्याच्यानं होईल त्याने करावं. आयकराच्या ८० ई कलमाखाली व्याजावर आठ वर्षं सवलत आहे म्हणतात. ती कर भरणाऱ्यांसाठी, आपल्याला हसायला बरी.

आता ते एक लाख चाळीस हजार. ते आमच्या डोक्यावर यायलाच नको होते, आणि हे मला गेल्या महिन्यात कळलं. केंद्र सरकारची व्याज अनुदानाची योजना आहे, २००९-१० पासून. घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक, संस्था मान्यताप्राप्त, आणि कर्ज इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेतलं असेल तर शिकण्याच्या काळातलं आणि त्यापुढच्या वर्षाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा, आणि क्लेम बँकेने टाकायचा. आम्ही दाखला दिला होता. झेरॉक्स माझ्याकडे आहे. क्लेम कुणी टाकला नाही. पाच वर्षं कुणी टाकला नाही. शाखेत विचारलं तर साहेब म्हणाले, तुम्ही विचारलंच नव्हतं. बघा मजा! भूक लागलीय असं आपण म्हटलं नाही, म्हणून ताट वाढलं नाही. साहेबांच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, हार घातलेला, सुकलेला.

त्या फोटोखाली बसून एक आठवलं. बाबासाहेबांनीही करारावर सही केली होती. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड, आणि अट अशी की परत येऊन दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धं टाकून ते परतले आणि बडोद्यात हजर झाले. तिथे त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात आली. करार त्यांनी मोडायला घेतला नव्हता, पाळायलाच आले होते. जातीने पाळू दिला नाही. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, नवल भाथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये लंडनला जाऊन उरलेलं शिक्षण पुरं केलं. डोक्यावर देणं होतं म्हणून तो माणूस मान खाली घालून बसला नाही. आणि आपण अठ्ठावन्नशे रुपयांसाठी टपरीवरच्या दोस्तापासून तोंड लपवतो.

आमच्यातले काही गरम डोक्याचे म्हणतात, भरूच नका. मल्ल्या २०१६ च्या मार्चात देशाबाहेर निघून गेला, त्याला कोण काय करतं, मग आपणच का भरायचं? ऐकायला झकास वाटतं. पण मल्ल्याचा सहकर्जदार गोदीत हजेरीवर नव्हता. आपण बुडवलं तर सिबिलमध्ये नाव खराब होतं आणि उद्या धाकट्याला कर्ज लागलं तर बँकेचा दरवाजा बंद. मग उरतो मोबाइलवरचा ॲपवाला, जो तासाभरात पैसे देतो आणि महिन्याभरात अब्रू मागतो. बहिणीच्या वॉर्डातल्या एका पोरीने हप्ता भरायला तसलं कर्ज काढलं. तिचं आता बँकेचं देणं लहान वाटतंय. तेव्हा भरायचं. जेवढं खरं आहे तेवढं भरायचं, आणि खरं किती ते आपणच मोजायचं.

ज्याला भरणं शक्यच नाही त्याने खातं रिकामं ठेवून गप्प बसू नये. हप्ता थकून ९० दिवस उलटले की कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लागतं. त्याच्या आधी अर्ज द्या. नोकरी सुटली, पगार अर्धा झाला, तर कर्जाच्या काळात दोन-तीन वेळा हप्त्यांना थांबा देण्याची सोय बँकांच्या त्या नमुना योजनेतच आहे. सुरुवातीला लहान हप्ता, पगार वाढेल तसा मोठा, अशी बांधणीही मागता येते. बँक देईलच असं नाही. पण मागितल्याचा कागद आपल्याकडे राहतो. कर्ज थकलं म्हणून कुणी तुरुंगात टाकत नाही. मात्र खात्यातून हप्ता कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी पैशाअभावी वारंवार परत गेली तर खटला होऊ शकतो, म्हणून आधी लेखी कळवायचं. थकलेल्या हप्त्यावर दंड लावून तो मुद्दलात मिसळायचा आणि त्यावर परत व्याज घ्यायचं, हा धंदा रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या आदेशाने बंद केलाय. स्टेटमेंट काढून बघा, कुठे चोरून चालू आहे का.

आणि फोन. बहिणीला वसुलीवाल्याचा फोन रात्री साडेनवाला आला, पेशंटला सलाइन लावत असताना. म्हणाला, सरकारी जावयांनो, फुकट खायची सवय तुमची. तिने फोन ठेवला, सलाइन लावलं, बाथरूममध्ये जाऊन रडली. नंतर कळलं, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायलाच बंदी आहे, २०२२ पासून. शिवीगाळ, चारचौघांत बेइज्जती, नातेवाइकांना नि मित्रांना त्रास, सगळ्याला बंदी. वेळ, नंबर, शब्द लिहून ठेवायचे. आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील नाही. ज्याने जावई म्हटलं त्याला तरी कळू दे, जावयाला लिहिता येतं.

एक शेवटचा हिशेब अजून मांडायचाय. मांडताना हात जड होतो. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात पैशांचा हिशेब आहे. त्याची सात महिन्यांची फेलोशिप, एक लाख पंचाहत्तर हजार, यायची बाकी होती. ती घरच्यांना मिळावी असं त्याने लिहिलं. आणि एका मित्राचे चाळीस हजारांच्या आसपास देणं आहे, ते त्यातून फेडा, असंही. त्या मित्राने कधी मागितले नव्हते. म्हणजे जाता जाता हा पोरगा टॅली मांडून गेला: येणं पावणेदोन लाख, देणं चाळीस हजार. येणं जास्त होतं, दोस्तांनो. येणं जास्त होतं. माझ्या टपरीवरच्या सोबत्याने सात हप्त्यांची घडी शर्टात घेऊन एकट्याने फिरू नये, म्हणून हे सगळं लिहितोय. कुणाला रात्री काही भलतंच सुचत असेल तर त्याने आधी आमच्यातल्या कुणाचं तरी दार वाजवावं. कितीही वाजले असू देत. आम्ही पाळीवाले, कुणीतरी जागा असतोच.

बँकेला मी अर्ज दिलाय. व्याज अनुदानाचा क्लेम का टाकला नाही, कारण लेखी द्या, एवढंच विचारलंय. पोचेवर शिक्का घेतलाय. शिक्का मारायला शिपाई तयार नव्हता, तासभर उभा राहिलो. आज बाविसावा दिवस. पैसे परत मिळतील की नाही, माहीत नाही. आठ दिवसांनी लोकपालाचा अर्ज तयार ठेवलाय, बहिणीच्या अक्षरात, माझ्याहून बरं आहे.

दर रविवारी सकाळी दहाला आम्ही विहारात बसतो. कर्जमंजुरीचं पत्र, पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत, जे असेल ते आणा. उशीखालचंही आणा. कॅल्क्युलेटर आमच्याकडे आहे. पुढचा अंक कधी निघेल ते सांगत नाही, पाच तारखेला हप्ता कापला जातो, त्यानंतर डब्यात काय राहतं ते बघून ठरवू.