आडनाव बदलून काय बदलणार?



गेल्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. हिंगोलीत पाऊस किती झाला, मामीचे गुडघे कसे आहेत, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग हळूच म्हणाला, "मामा, आम्ही आडनाव बदलून घ्यायचं ठरवलंय. गावाच्या नावाला 'कर' लावायचा. राजपत्रात एकदा आलं की झालं. पोराला आत्ताच शाळेत घातलंय, पुढे त्याला त्रास नको." आणि थोडं थांबून, "तुमच्या लिखाणात मात्र माझं नाव येऊ देऊ नका हं."

नाव येऊ देत नाही. तेवढा शब्द दिला होता. गप्प बसायचा दिला नव्हता. शिवाय घरातली निम्मी मंडळी इथे वाचायला येतात, म्हणून एकदा सगळ्यांनाच सांगून टाकतो.

त्याची भीती खोटी नाही, हे आधी कबूल करतो. आडनाव ऐकल्याबरोबर रिकामी खोली "कालच दिली" होते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला, तेव्हा जातीवरून छळ झाल्याचाच आरोप होता. डॉक्टर होऊनही सुटका नसेल तर आईबापांनी घाबरू नये असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

पण मुद्दा आडनावाचा नाहीच. आडनाव टाकणाऱ्यांत फार मोठी माणसं झाली आहेत. अमेरिकेतल्या पुष्कळ काळ्या लोकांची आडनावं म्हणजे त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना गुलाम म्हणून विकत घेणाऱ्या गोऱ्या मालकांची आडनावं. माल्कम लिटल नावाच्या तरुणानं ते 'लिटल' टाकून दिलं आणि तिथे नुसतं 'एक्स' लावलं. बीजगणितात आपण अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतो ना, तसं. आमच्या वाडवडिलांचं खरं नाव तुम्ही पुसून टाकलंत, याची ती खूण होती. सभेत नाव पुकारलं की ती खूण सगळ्यांच्या कानावर पडायची.

बाळा, तोही आडनाव बदलतच होता. पण सगळ्यांना कळावं म्हणून बदलत होता. तू बदलतोयस ते कुणाला कळू नये म्हणून.

तिथे दुसऱ्या तऱ्हेचीही माणसं होती. रंगानं उजळ असलेले काही काळे लोक गाव सोडून गोरे म्हणून राहायचे. नोकरी मिळायची, चांगल्या वस्तीत घर मिळायचं. फक्त सावळी आई दारात येऊन उभी राहिली, तर "ही माझी आई" असं म्हणायची सोय उरायची नाही. उद्या पोराच्या वाढदिवसाला मी आलो आणि चार शेजाऱ्यांदेखत सवयीनं "जय भीम" म्हणालो, तर तू काय करणार आहेस?

मामांनी अमेरिका कुठून आणली, असं म्हणू नका. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते तिथली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी त्यांनी समाज काढला, त्याचं नाव सत्यशोधक. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिकडच्या काळ्या लोकांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिलं. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर काढली, ते नावही तिकडचंच. तेव्हा हे नातं जुनं आहे.

आता माझी गोष्ट. ही आजवर घरात कुणालाच सांगितलेली नाही.

१९७८ सालच्या जूनमध्ये माझी बदली एका खेड्यात झाली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. घरमालकानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारून टाकलं. त्याच दिवसांत एका संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या घरमालकानं विचारलं, "गुरुजी, तुमी आपल्यातलेच ना?"

मी "हो" म्हणालो.

मिलिंद महाविद्यालयात शिकलेला, नागसेनवनात भाषणं ठोकलेला मी. एवढं एकच अक्षर बोललो.

दोन दिवसांनी वस्तीतले लोक बोचकी आणि लेकरं घेऊन एसटीच्या फाट्यावर उभे होते. त्यांत एक म्हातारी माझ्या आजोळच्या गावची. तिनं मला ओळखलं. तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्याशेजारी घरमालक दिसला आणि तिनं मान फिरवली. तिचं घर गेलं होतं, तरी तिनं माझी खोली वाचवली. मी मात्र तिचं बोचकंसुद्धा उचलून दिलं नाही.

दिवाळीनंतर मी घरमालकाला खरं सांगितलं. खोली सोडावी लागली. सायकलला ट्रंक बांधून निघालो. अपमान झाला, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. विद्यापीठाला नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला. तेव्हा पेढे मीही वाटले. पण म्हातारीची ती फिरवलेली मान आजही डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगतो. जीव वाचवायला बोललेलं खोटं मला कळतं, पोटासाठी बोललेलंही कळतं. केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या. त्या काळात कितीतरी बापांनी शाळेच्या रजिस्टरात "हिंदू महारच राहू द्या गुरुजी" म्हणून हात जोडले, आणि मीच ते लिहिलं. पण तुझ्या जीवावर कुणी उठलेलं नाही आणि पोटही भरलेलं आहे. तू पोराला अन्न देत नाहीयेस, लाज देतोयस. मोठा झाल्यावर तो एकच विचारेल, "एवढं लपवण्यासारखं आपण काय केलं होतं?" काय सांगशील?

तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील, यांना सहीसुद्धा येत नव्हती. १९६१ च्या शिरगणतीला मी दहा वर्षांचा होतो. गणतीवाल्या मास्तरांनी न विचारताच सवयीनं धर्माच्या रकान्यात लिहून टाकलं. वडिलांनी त्या कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "काय लिवलं ते वाचून दाखवा." मास्तरांना ते खोडून 'बौद्ध' लिहावं लागलं. १९५१ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला झाले सुमारे २८ लाख. ते असे बोटं ठेवून झाले! आपण कोण हे आपण सांगायचं, म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो.

आणि जे आडनाव बदलत नाहीत, जयंतीला डीजेपुढे नाचतात, त्यांनीही फार खूश होऊ नये. मातंगाच्या घरातलं सुशिक्षित स्थळ आलं की आपल्याकडे पत्रिका न बघताही ते 'जुळत नाही'. आपल्याच घरात दोनदा झालंय, नावं सांगत नाही. दुसऱ्यानं आपल्याला खालचं समजलं की अन्याय, आणि आपण समजलं की रीतभात? हेसुद्धा लपवणंच आहे, फक्त स्वतःपासून.

असो. पुढच्या जनगणनेत जातही विचारणार, असं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलं. आमच्या दारात माणूस येईल तेव्हा मी धर्म बौद्ध सांगेन आणि जात महार. एक आम्ही घेतलेलं, एक आमच्यावर लादलेलं. दोन्ही खरं आहे. आणि वाचून दाखवा म्हणेन.

भाच्या, रागावला असशील तर फोनवर भांड, पण फोन कर. वाढदिवसाला मी येणारच आहे. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी, मोकळेपणानं कळवावं.

जय भीम.