सही दिल्लीत, झळ गल्लीत!

परदेशी करार, परदेशी भांडवल आणि आपल्या पक्षांची कोलांटउडी
सर्व पक्षांच्या मतदारांसाठी पत्रक



मुक्त व्यापार कराराचा विषय निघाला की दोन आरोळ्या ऐकू येतात. एक म्हणते, 'देश विकला!' दुसरी म्हणते, 'देश महासत्ता झाला!' सरकार बदलले की बाके बदलतात आणि बाकांबरोबर आरोळ्यांचीही अदलाबदल होते.

हे पत्रक कोणत्याही पक्षाचे नाही. परदेशी मालाला आमचा सरसकट विरोध नाही आणि परदेशी भांडवलाच्या आरत्याही आम्हाला ओवाळायच्या नाहीत. आमचे म्हणणे एवढेच आहे : ज्या करारामुळे आमच्या पिकाचा भाव आणि आमच्या कारखान्याचे भवितव्य ठरते, तो करार संसदेत मतदान झाल्याशिवाय आणि राज्यांना विचारल्याशिवाय लागू होता कामा नये.

आधी जुना हिशेब

सुरुवात घरापासून करू. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. १९९३ मध्ये काँग्रेस सरकारच्या काळात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, मते घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. पुढच्याच वर्षी याच युती सरकारने फेरवाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. केंद्रात वाजपेयींचे १३ दिवसांचे सरकार आले. त्याने मे १९९६ मध्ये जाता जाता प्रकल्पाच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे न दिल्यास केंद्र देईल या हमीला, मंजुरी दिली. २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि त्या वर्षअखेरीस एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. महागड्या विजेची बिले मात्र महाराष्ट्र वीज मंडळाच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या, गळ्यात पडली.

विमा क्षेत्राचे बघा. १९९९ मध्ये वाजपेयी सरकारने ते खासगी कंपन्यांना खुले केले आणि परदेशी वाट्याची मर्यादा २६ टक्के ठेवली. अर्थमंत्री होते यशवंत सिन्हा. मनमोहन सिंग सरकारने ४९ टक्क्यांचे विधेयक आणले तेव्हा भाजप आडवा आला. याच सिन्हांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने २०११ मध्ये '२६ टक्केच ठेवा' असा अहवाल दिला. मग २०१५ मध्ये भाजप सरकारने ४९ टक्के केले आणि २०२१ मध्ये ७४ टक्के. त्या वेळी विधेयक समितीकडे पाठवा म्हणून ओरडणारी काँग्रेस होती!

किराणा दुकानांत परदेशी भांडवल आणण्यावर डिसेंबर २०१२ मध्ये लोकसभेत मतदान झाले. समाजवादी पक्ष आणि बसप यांनी भाषणांत विरोध केला आणि मतदानाच्या वेळी सभात्याग करून सरकारचा मार्ग मोकळा केला. भाजपने तेव्हा रान उठवले होते. पण ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल आणू देणारी ती तरतूद भाजप सरकारच्या २०२० च्या परकीय गुंतवणूक धोरणातही जशीच्या तशी आहे.

आरसेप या बहुराष्ट्रीय व्यापार कराराची बोलणी २०१२ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत सुरू झाली. २०१९ मध्ये त्याच काँग्रेसने कराराविरुद्ध आवाज उठवला. बोलणी सात वर्षे चालवून ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये पंतप्रधानांनी माघार जाहीर केली, आणि दोन्ही पक्षांनी विजय आपलाच म्हटले. त्या बोलण्यांत शिरताना संसदेचे मत घेतले नाही आणि बाहेर पडतानाही नाही.

कोकणातल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचीही हीच कथा. शिवसेनेच्या विरोधामुळे नाणारची जमीन वगळली गेली. मग मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनीच २०२२ च्या जानेवारीत बारसूची जागा सुचवणारे पत्र पंतप्रधानांना लिहिले, आणि सत्ता गेल्यावर बारसूत जाऊन विरोध केला.

यात एकाही पक्षाला सूट नाही. परदेशी भांडवलाविषयी त्यांची मते सत्तेपासूनच्या अंतरावर ठरतात. म्हणून कोण 'स्वदेशी' आणि कोण 'विकाऊ' या वादात आपली शक्ती घालवू नका.

झळ कुठे बसते?

ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये करार झाला. त्यात दरवर्षी ५१ हजार टन, म्हणजे सुमारे ३ लाख गाठी, कापूस शुल्काशिवाय आणायला मुभा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर केंद्राने एका अधिसूचनेने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्कच काढून टाकले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. विदर्भ-मराठवाड्यात वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येतो नेमका याच महिन्यांत.

सोयाबीनचेही तसेच. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले. शेतकऱ्याने बियाणे घेतले एका हिशेबाने आणि सरकारने बाजार लावला दुसऱ्या हिशेबाने.

आता कांदा. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी लादली आणि ती थेट मे २०२४ पर्यंत टिकली. परदेशातला माल आत यावा म्हणून दार उघडे आणि लासलगावचा कांदा बाहेर जायची वेळ आली की त्याच दाराला कुलूप! शेतकरी नेते शरद जोशींनी जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले होते ते शेतकऱ्याला जगाचा बाजार मिळावा म्हणून. बाजार मिळाला तो आयातदाराला, शेतकऱ्याच्या वाट्याला बंदी आली.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. सूत स्वस्त झाले तर इचलकरंजी आणि भिवंडीचे यंत्रमाग तगतात. तेल स्वस्त झाले तर मजुराच्या घरची फोडणी परवडते. नाशिकच्या द्राक्षाला युरोपची बाजारपेठ हवीच आहे. हितसंबंध एकमेकांना काटणारे आहेत, म्हणूनच त्यांचा निवाडा उघड्यावर व्हायला हवा. मंत्रालयाच्या बंद खोलीत ज्याची ओळख मोठी त्याचे ऐकले जाते, आणि कापूस उत्पादकाची तिथे ओळख नसते.

घटना काय म्हणते?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र सूचीतली १४ वी नोंद आहे परदेशांशी करार करण्याची. राज्य सूचीतलीही १४ वी नोंद बघा : शेती! शेती राज्याची आणि शेतमालाचा परदेशी करार केंद्राचा. या दोन नोंदींना जोडणारा कायदा ७५ वर्षांत कोणी केला नाही. तो संसदेने करावा, अशी शिफारस न्या. वेंकटचलय्या यांच्या घटना पुनरावलोकन आयोगाने २००२ मध्येच केली आहे. आयोग नेमला भाजपप्रणीत सरकारने. त्यानंतर दहा वर्षे काँग्रेसप्रणीत सरकार होते, मग पुन्हा भाजपचे आले. अहवाल जिथल्या तिथे आहे.

'वाटाघाटी गुप्तच असतात!'

हे उत्तर दोन्ही पक्ष देतात. वाटाघाटी गुप्त ठेवा, आमची हरकत नाही. पण करार झाल्यावर गुपित कसले? ऑस्ट्रेलियाशी झालेला हाच करार तिकडे संसदेच्या संयुक्त समितीने तपासला आणि त्यासाठीची विधेयके नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केली, मगच तो लागू झाला. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार कामकाजाचे २१ दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. स्वित्झर्लंडने इंडोनेशियाशी केलेला व्यापार करार विरोधकांनी सह्या गोळा करून थेट सार्वमताला नेला. २०२१ मध्ये ५१.६ टक्के मतांनी तो मंजूर झाला. यातल्या एकाही देशाचा व्यापार बुडाला नाही. जे मेलबर्नच्या शेतकऱ्याला मिळते ते यवतमाळच्या शेतकऱ्याला का मिळू नये?

'राज्यांना विचारत बसलो तर काम कधी होणार?' असेही विचारले जाते. किराणा दुकानांतल्या परदेशी भांडवलाच्या वेळी २०१२ मध्ये केंद्रानेच निर्णय राज्यांवर सोडला होता. महाराष्ट्राने होकार दिला. दिल्लीने आधी होकार देऊन २०१४ मध्ये तो मागे घेतला. आभाळ कोसळले नाही.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक व्यापार व गुंतवणूक कराराचा पूर्ण मसुदा भारतीय भाषांत संसदेपुढे ठेवावा आणि मतदान झाल्यावरच तो लागू करावा.

२. शेती, दूध, मासेमारी यांना स्पर्श करणाऱ्या कराराची चर्चा आधी विधानसभेत व्हावी आणि राज्याचे मत लेखी नोंदवावे.

३. पेरणी झाल्यापासून माल विकला जाईपर्यंत त्या पिकाच्या आयात-निर्यातीचे नियम बदलू नयेत. बदलायचेच असतील तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी.

४. करार लागू झाल्यावर दर दोन वर्षांनी, कोणत्या पिकाला आणि कोणत्या उद्योगाला काय मिळाले व काय गेले, याचा जाहीर हिशेब द्यावा. युरोपातल्या चार देशांनी २०२४ च्या करारात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचा आणि १० लाख रोजगारांचा शब्द दिला आहे. त्यातले महाराष्ट्रात किती आले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

मतदार मित्रांनो, उमेदवार दारात आला की त्याला झेंडा विचारू नका. विचारा : 'तुमचा पक्ष सत्तेत आला तर परदेशी करारावर संसदेत मतदान घेणार का? हो की नाही?' उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या, गावातल्या चावडीवर लावा आणि निवडून आल्यावर त्याच कागदासह त्याच्या दारात जा. 'पक्षश्रेष्ठी ठरवतील' असे जो म्हणेल, त्याला आपले मतही श्रेष्ठींकडूनच मागायला सांगा.

वाचा, विचार करा, पत्रक पुढच्या माणसाच्या हाती द्या.

आपले,
कापूस, कांदा, सोयाबीन पिकवणारे शेतकरी, यंत्रमाग कामगार आणि छोटे दुकानदार