सुई आली, उतारा आला काय?

ओठ भरदार करणे, गालांचे खळगे बुजविणे, नाकाचा उंचवटा वाढविणे यांसाठी त्वचेखाली टोचावयाची ‘फिलर’ इंजेक्शने आता महानगरांपुरती राहिलेली नाहीत. नांदेड-लातूरकडील वाचकांनीही या विषयाकडे गांभीर्याने पाहावे, असे आम्हांस वाटते. सौंदर्याच्या हौसेस नावे ठेवणे हा आमचा हेतू नाही. प्रश्न सुरक्षिततेचा आहे.

बहुतेक फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे, जेलीसारखे असतात. ही जेली चुकून धमनीत शिरली की रक्तपुरवठा तुटतो. त्वचा एकाएकी पांढरी पडते, मागाहून निळसर जाळी उमटते आणि बहुधा तीव्र वेदना होतात. भुवयांमधील जागा व नाक ही सर्वांत धोक्याची ठिकाणे होत. कारण तेथील धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दाबाने जेली उलट दिशेने सरकल्यास काही क्षणांत दृष्टी जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच असा इशारा दिला होता.

रक्ताविना डोळ्याचा पडदा फार तर तास-दीड तास तग धरतो. नांदेडहून हैदराबाद अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर, लातूरहून पुणे त्याहूनही लांब! तेव्हा ‘काही झाले तर मोठ्या शहरात पाठवू’ हे उत्तर येथे निरर्थक ठरते. उतारा सुईच्या शेजारीच हवा.

हा उतारा म्हणजे हायल्युरॉनिडेज. तो दुर्मिळ नाही. नेत्रशस्त्रक्रियेत भूल देताना तो वापरतात. गुटख्याने आखडलेले तोंड उघडावे म्हणूनही तो टोचतात, आणि असे रुग्ण मराठवाड्यास अपरिचित नाहीत. त्यामुळे ‘मिळत नाही’ ही सबब आम्हांस पटत नाही. मात्र तो हायल्युरॉनिक आम्लाचेच फिलर विरघळवितो, इतर प्रकारांचे नाही. आणि गेलेली दृष्टी त्याने परत येईलच, असेही नाही. म्हणूनच टोचणाऱ्यास धमन्यांची जाण हवी, हात सावकाश हवा, मात्रा अल्प हवी. शक्य तेथे बोथट टोकाची नळी वापरावी.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपणासंबंधी सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. फिलर टोचणे ही शस्त्रक्रिया नसली तरी हा निकष येथेही लागू व्हावा, असे आमचे मत आहे. ब्युटी पार्लरमध्ये, लग्नाच्या घाईत, स्वस्त मिळते म्हणून हे करून घेणे तर सर्वथा टाळावे. सुईविना दाबाने फिलर सोडणारी ‘पेन’देखील घातक आहेत, त्यांविरुद्ध अमेरिकेने २०२१ मध्ये सावध केले आहे.

वाचकांनी संकोच न करता डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारावा, सिरिंजचे सील आपल्यासमोर फोडावयास सांगावे, वेष्टनावरील बॅच क्रमांक जपून ठेवावा. आणि हायल्युरॉनिडेजची कुपी या क्षणी दवाखान्यात आहे काय, हेही विचारावे. कुपी दाखविता येत नसेल तर खुर्चीवरून उठावे.