मिरगी, मेंदूच्या पेशी आणि रोजा

रमजान जवळ आला की मधुमेहाच्या रुग्णांनी रोजा कसा ठेवावा, यावर हल्ली बऱ्यापैकी बोललं जातं. डॉक्टरांचे ऑडिओ मोबाइलवर फिरतात, एखादे इमामसाहेब बयानातही सांगतात. मिरगीबद्दल मात्र सगळे गप्प. मधुमेह लपवायचा आजार राहिलेला नाही, मिरगी अजून आहे. त्यात आपल्या मोहल्ल्यात तिला आजार म्हणायच्या आधी ‘असर’ किंवा ‘साया’ म्हटलं जातं. म्हणून आधी थोडं मेंदूच्या पेशींबद्दल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीतली चेतापेशी म्हणजे उर्दूतली असबी खलिया. घरात आपण सहज ‘आसाब कमजोर झालेत’ म्हणतो, ते याच ‘असब’चं अनेकवचन. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत. स्वस्थ पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. इशारा मिळाला की पेशीच्या आवरणातली सूक्ष्म दारं उघडतात, सोडियम आत घुसतं आणि विजेची लाट अक्षतंतूवरून पुढे धावते. तंतूच्या टोकाशी रसायन सुटतं. ते पुढच्या पेशीला एक तर चेतवतं किंवा आवरतं. चेतवणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, आवरणारं गाबा. आजूबाजूच्या ग्लायल पेशी उरलेलं ग्लुटामेट आणि जादा पोटॅशियम शोषून घेतात. चित्रात त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पण त्यांच्याशिवाय हा कारभार चालत नाही.

हा तोल सुटला आणि असंख्य पेशी एकदम, एकाच ठेक्यात पेटल्या की फिट येते. अंग झटके देणार, नुसता एक हात थरथरणार, की मूल काही सेकंद शून्यात बघत राहणार, हे ती लाट मेंदूत कुठे उठली आणि किती पसरली यावर ठरतं. वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा खाणारं एखादं पोर या शेवटच्या प्रकारातलं असू शकतं.

गोळ्या याच यंत्रणेवर काम करतात. फेनिटोइन, कार्बामाझेपिन सोडियमच्या दारांना लगाम घालतात, फिनोबार्बिटोन गाबाचा जोर वाढवतं. अट एकच, औषधाची रक्तातली पातळी टिकली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. गोळी अचानक बंद केली तर मात्र फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आणि रमजानमध्ये नेमकं हेच घडायची भीती असते. दिवसातून तीनदा गोळी असेल तर दुपारची जाते. तरावीह रात्री उशिरा संपते, सहरीला पहाटे उठायचं, झोप तुटते. अपुरी झोप तर फिटेला आयतं निमंत्रण. मग रोज्यात कुणी कोसळला की ‘बघा, असर आहे’ म्हणणारे तयारच! सासरी कळू नये म्हणून गोळ्या लपवणाऱ्या नव्या सुनेचं तर विचारूच नका. सगळ्यांसमोर दुपारी गोळी घ्यायची कशी?

माझं म्हणणं असं की, रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: मी रोजा ठेवू शकतो का? काही औषधं इफ्तार आणि सहरीच्या वेळेत बसवता येतात, काही एकदाच घ्यायची असतात. डॉक्टर हो म्हणाले तर ठेवा. नको म्हणाले तर आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे, ती आपण टोमणे मारून काढून घेऊ नये. मशिदींच्या विश्वस्तांनीही रमजानआधीच्या एखाद्या जुम्म्याला पाच मिनिटं या विषयाला द्यावीत.

दुआ करा, दर्ग्यावर जा, त्यावर माझा वाद नाही. गोळी चुकवू नका, एवढंच. बुखारी शरीफमध्ये फिट येणाऱ्या एका बाईची हकिकत आहे. ती हुजूर (स.) यांच्याकडे दुआ मागायला आली. फिटेत आपलं अंग उघडं पडतं, हा तिचा घोर होता, आणि त्यासाठी त्यांनी दुआ केली. आपल्याकडे फिट आली की लोक कोंडाळं करून मोबाइल काढतात!

तरावीहच्या सफमध्ये कुणी कोसळला तर काय करायचं, तेही सांगतो. कांदा, चप्पल हुंगवू नका, हातात किल्ल्या देऊ नका, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही सरकवा, कुशीवर वळवा, अंगावर चादर टाका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ ला फोन.