बांधावरची नर्सरी

माझ्या सुरंगीनं दुसऱ्या उन्हाळ्यात मान टाकली. पहिला उन्हाळा तिनं माझ्या बादल्यांवर काढला होता. पावसाळ्यात चार नवी पानं फुटली, तेव्हा मी सगळ्या बिल्डिंगला फोटो दाखवले होते. मग एप्रिलात दोन आठवडे मी पुण्यात लग्नाच्या पंगती झोडत बसले आणि परतले तर पानं तंबाखूच्या रंगाची. शेजारच्या खाचरातल्या मावशी बांधावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, कोकणातली लेक माळावर दिलीत. द्यायच्या आधी घरचं पाणी तरी बघायचं व्हतं!"

पौडच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचे अकरा गुंठे आहेत. घेतले तेव्हाच मी जाहीर केलं होतं की इथे फक्त देशी झाडं लावायची. गुलमोहर नको, तो मादागास्करचा. नीलमोहर नको, तो दक्षिण अमेरिकेतला. यादी मोठी होती आणि मी ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत असे. सुरंगी तर अस्सल आपली, पश्चिम घाटाची. मग ती का गेली?

उत्तर मावशींनी दिलंच होतं, पण मला ते पावसाच्या आकड्यांत वाचल्यावर पटलं. २०२४च्या जुलैमध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहराला वर्षभरात मिळतो तो साधारण सातशे-साडेसातशे. ताम्हिणी मुळशी तालुक्यात आहे आणि हिंजवडीही मुळशी तालुक्यातच आहे. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ढग उतरून बसलेले असतात. पूर्वेकडे सरकाल तसा पाऊस पायरी पायरीनं उतरत जातो. आमचा तुकडा त्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाळ्यात चिखल, मार्चपासून तवा. तेव्हा 'देशी' म्हणजे कुठल्या देशाचं, असा प्रश्न विचारून भागत नाही. कुठल्या पायरीचं, असं विचारावं लागतं. सुरंगी भारतीय होती, महाराष्ट्रीय होती, पण माझ्या पायरीची नव्हती.

दुसरा धडा स्वयंपाकघरात मिळाला. परदेशी झाडांवर माझं व्याख्यान चालू असताना पाहुण्यांच्या पुढ्यात बटाट्याची भाजी, टोमॅटोची कोशिंबीर आणि ठेचा होता. बटाटा, टोमॅटो, मिरची तिघंही अमेरिका खंडातले. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा, देवळापुढचा चाफाही त्याच बाजूचा. त्यांना हाकलून द्यायला गेलं तर आपला सणही उरणार नाही आणि जेवणही. म्हणजे प्रश्न पासपोर्टचा नाही. आलेलं झाड शेजाऱ्यांना जगू देतं की नाही, हा आहे. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांनी माळ गिळले. वनीकरणाच्या नावाखाली टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखाली दुसरं रोप क्वचितच दिसतं. मिरचीनं असं काही केलेलं नाही.

मग मी यादी फाडली आणि बांधावरून चालायला लागले. मावशी पुढे, मी वही घेऊन मागे. अर्ध्या किलोमीटरमध्ये करवंदाच्या जाळ्या, निर्गुडी, धायटी, गेळा, रामेठा, पळस, बहावा, ओढ्याकाठी उंबर आणि जांभूळ, चढावर कारवी. कुणी लावलेलं नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं. मावशींना प्रत्येकाचं काम ठाऊक होतं. ऐनाच्या फांद्या राबाला, कारवीच्या काठ्या कुडाच्या भिंतीला, धायटीच्या फुलातला मध पोरांना. मी पैसे मोजून पाट्यांची झाडं आणत होते आणि खरी नर्सरी कुंपणापलीकडे फुकट उघडी होती.

नर्सरीत जाऊ नये असं मी म्हणत नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाळ्याच्या तोंडावर चांगली रोपं स्वस्तात मिळतात. पण नाव विचारून घ्यावं. 'अशोक' म्हणून हातात पडतो तो बहुतेक वेळा उंच, सरळ आसुपालव असतो. केशरी फुलांचा सीतेचा अशोक वेगळा. आणि जंगलातून किंवा देवराईतून रोप उपटून आणू नये. देवराईतलं वाळकं लाकूडही घरी न्यायचं नाही, हा मावळातला जुना दंडक. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावावर राखलेल्या या तुकड्यांत जुनं रान शिल्लक असल्याचं त्यांनी जगापुढे मांडलं. देवराईत आपण शिकायला जावं. तिथे उंच झाडाखाली मधलं झाड, त्याखाली झुडूप, वर गारंबीचा वेल आणि जमिनीवर पाय रुतेल इतका पाचोळा. झाडू मारलेली देवराई मी अजून पाहिलेली नाही.

बी मात्र रस्त्याकडेचं खुशाल गोळा करावं, फक्त त्याचा स्वभाव जाणून. जांभूळ, करवंद, फणस यांचं बी साठवणीचं नाही. खाल्लं की आठवड्याच्या आत मातीत गेलं पाहिजे. निसर्गानं तशी सोयच केली आहे: फळ पिकतं आणि पाठोपाठ मृग येतो. बहाव्याचं बी उलट. कवच इतकं कठीण की नुसतं पेरलं तर ढिम्म. ते दगडावर घासून रात्रभर भिजवावं लागतं. पांगारा आणि काटेसावर तर पावसाआधी जाड फांदी रोवली तरी धरतात.

लागवडीत मी सगळ्यात मोठी चूक खड्ड्यात केली. मुरमात दोन फुटांचा खड्डा खणून त्यात छान भुसभुशीत माती भरली, की आपण एक वाडगं तयार करतो. जुलैत ते भरतं आणि मुळं कुजतात. आता खड्ड्यातलीच माती पाचोळ्याबरोबर परत भरते आणि रोप जमिनीच्या वर वीतभर उंचवट्यावर बसवते. मृगाचा पाऊस मुरला की आर्द्रात लागवड. दिवाळीच्या सुमाराला बुंध्याभोवती पाचोळ्याचं जाड आच्छादन, बुंध्याला न टेकवता. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक बादली, एकदम आणि खोल. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच रेंगाळतात. तिसऱ्या वर्षी पाणी बंद. मन घट्ट करावं लागतं. आणि संक्रांतीच्या आत कुंपणाच्या कडेनं गवत कापून जाळरेषा मोकळी करायची, कारण फेब्रुवारीपासून डोंगरावर वणवे सुरू होतात आणि तीन वर्षांची करवंदं तीन मिनिटांत जातात.

औषध फवारणं मात्र मी साफ सोडलं. आधी पानाला भोक दिसलं की माझा जीव खालीवर व्हायचा. आता भोकं मोजते. बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, कढीपत्त्यावर आणि लिंबावर मॉरमॉनच्या. त्यातलं मोठं, काळं-निळं ब्लू मॉरमॉन २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. राज्य फुलपाखरू पाहिजे आणि पानाला भोक नको, असं चालत नाही. त्याच अळ्या शिंपी पक्षी पिल्लांना भरवतो. ज्या झाडाचं पान कुणीच खात नाही ते झाड बागेत उभं असतं, पण बागेत राहत नाही.

आज पाच वर्षांनी आमच्याकडे दाखवण्यासारखं काय आहे? कुंपणाला करवंद, मेमध्ये हात रंगतील एवढं. एक बहावा, अजून न फुललेला. कारवीचा एक पट्टा, जो सात-आठ वर्षांतून एकदा फुलेल आणि बी टाकून मरेल. त्या वर्षी मी गुडघ्यांसकट हजर असेन अशी आशा आहे. पुण्याचे पाहुणे विचारतात, "अजून बाग केली नाही का?" मी म्हणते, चालू आहे.

मावशींच्या सुनेनं यंदा नवं स्लॅबचं घर बांधलं. दारात तिला करवंद नको आहे. ते तिनं जन्मभर पाहिलंय, त्याचे काटे काढलेत. तिला गुलाब हवाय, डबल पाकळीचा. पुण्याच्या गॅलरीतल्या माझ्या कुंडीतल्या गुलाबाची फांदी तिनं मागितली. पाच वर्षांपूर्वीची मी तिला व्याख्यान दिलं असतं. यावेळी फांदी कापून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. तिच्या हातात देताना तोंडून आपसूक निघालं, "दारात पाणी आहे ना गं?"

मावशी बांधावरून हसत होत्या.