गोधडी आणि सुशिक्षितांची लाज

“बाईंना वर्षाची रजा मिळाली, बाई विलायतेस गेल्या, आणि येताना काय घेऊन आल्या म्हणाल, तर एक गोधडी!” असे उद्गार परवा आमच्या अध्यापकवर्गातील एका विद्वान गृहस्थांच्या मुखातून बाहेर पडले, व त्यांवर मोठा हशा पिकला. प्रस्तुत लेखिका त्या वेळी शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तेव्हा पाठीमागे बोलण्याचा दोष त्या गृहस्थांवर येत नाही, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. मीही हसले. परंतु घरी आल्यावर विचार करता मला असे दिसून आले, की हा विनोद एका व्यक्तीचा नसून आमच्या सबंध सुशिक्षित वर्गाचा आहे. आणि त्याच्या मुळाशी जे मत दडलेले आहे, ते चुकीचे आहे एवढेच नव्हे, तर अपायकारक आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

हकीकत थोडक्यात अशी. गेला हिवाळा मी इंग्लंडच्या उत्तरेस, डरहॅम परगण्यात काढला. ज्या कामासाठी रजा मिळाली होती ते काम पार पडले. त्याचा अहवाल यथाकाल सादर झाला असून तो कोणी वाचल्याचे अद्याप माझ्या कानावर आलेले नाही. सामानाच्या तळाशी माझ्या आईने आरंभिलेली आणि अर्ध्यावर राहिलेली एक गोधडी होती. वर आजीचे नऊवारी लुगडे, खाली आईचे पातळ, मध्ये वडिलांच्या धोतरांचे थर. एकोणीस वर्षे ती ट्रंकेत पडून होती. डिसेंबरात त्या प्रदेशी दुपारचे चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. त्या लांबलचक संध्याकाळी मी ती गोधडी पुरी केली. शिवाय काठ उसवलेले एक दुपटे आणि बाह्या न लावलेले एक झबलेही हातावेगळे केले. ज्या बाळासाठी ते झबले बेतले होते, तो आता इंजिनिअर झाला आहे!

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातात. विद्येच्या उपासकाने आपला वेळ अशा बुद्धिहीन कामात घालवू नये, हा पहिला. बाजारात स्वस्त व सुबक पांघरुणे मिळत असता हा खटाटोप कशासाठी, हा दुसरा. आणि सुई ही स्त्रीच्या दास्याची जुनी खूण आहे, ती सुशिक्षित स्त्रीने पुन्हा हाती घ्यावी हे लाजिरवाणे होय, हा तिसरा. पहिले दोन पुरुषांकडून येतात. तिसरा माझ्याच एका विद्यार्थिनीने पत्राने कळविला. तो सर्वांत वजनदार असल्यामुळे शेवटी घेते.

शिवणकामात बुद्धी लागत नाही, असे म्हणणाऱ्याने गोधडी कधी जवळून पाहिलेली नसते. चार-पाच थर एकावर एक अंथरले, की ते एकमेकांवरून सरकू पाहतात. आधी सैल कच्चे टाके घालून ते जागच्या जागी धरावे लागतात. मग धावदोऱ्याच्या ओळी अशा क्रमाने घालाव्या लागतात, की सैल कापड एका बाजूने सरकत जाऊन मध्ये झोळ पडू नये. हा प्रश्न निरनिराळ्या ठिकाणच्या बायकांनी निरनिराळ्या रीतीने सोडविला आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे राहणाऱ्या सिद्दी स्त्रिया, ज्यांच्या पूर्वजांपैकी कित्येक पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून सुटून गोव्याकडून रानात आले, आपली कवंडी कडेने शिवत शिवत मध्याकडे आणतात. आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. डरहॅमकडे लाकडी चौकटीवर थर ताणून शिवण्याची चाल होती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲलनहेड्स नावाच्या खेड्यात जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देई. त्याची शिष्या एलिझाबेथ सँडरसन हिने ती विद्या पुढे चालविली व इतर मुलींना शिकविली. आखणी, प्रमाण, पुनरावृत्ती आणि तिचा भंग, हे सर्व ज्या कामात आहे त्याला बुद्धिहीन म्हणणे हे अज्ञान आहे. भूमितीच्या पुस्तकात तीच वेलबुट्टी आली असती, तर आमच्या गृहस्थांनी चष्मा पुसून ती पाहिली असती. विनयपिटकात तर अशी कथा आहे, की मगधातील भातखाचरांचे बांध पाहून तशा आकृतीचे चीवर भिक्षूंसाठी करता येईल काय, असे बुद्धाने आनंदास विचारले, व आनंदाने ते करून दाखविले. तुकडे जोडून वस्त्र करण्यात बुद्धाला कमीपणा वाटला नाही, आम्हांला वाटतो!

आता दुसरा आक्षेप. तो खोडताना मला संकोच होतो; कारण हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा तिने एकदा मला म्हटले, “अगं, दोन हातच राहिली आहे, सवडीने पुरी करून देतेस का?” आणि मी, दोन पदव्या घेतलेली तिची मुलगी, उत्तरले, “कशाला शिणतेस? बाजारातून नवीन रजई आणते.” तिने पुन्हा तो विषय काढला नाही. गोधडी घडी घालून ट्रंकेत गेली. रजई आली, तीन पावसाळ्यांत तिच्यातील कापसाचे गोळे झाले व ती टाकून द्यावी लागली. परंतु माझा मुद्दा टिकाऊपणाचा नाही. मी आईला उत्तर दिले ते पांघरुणाविषयी. तिने विचारले होते ते कामाविषयी. पांघरूण विकत मिळते. आरंभिलेले काम पुरे होणे विकत मिळत नाही. बाजारभाव हे ज्यांचे एकमेव माप आहे, त्यांना हा भेद दिसत नाही. आणि विशेष हे, की हीच मंडळी वर्गात कलेच्या निरपेक्ष मूल्यावर तास तास बोलतात.

किंबहुना त्यांचा बाजारभावही प्रामाणिक नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज् बेंड नावाची वस्ती आहे. तेथील काळ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. थंडीपासून पोरेबाळे वाचवावीत हा त्यातील पहिला हेतू. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात व पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या गोधड्या भिंतींवर लागल्या. २००६ साली त्यांची चित्रे तेथील टपालतिकिटांवर आली. तेव्हापासून आमच्याकडील रसिकही त्यांची नावे आदराने घेतात. ती कीर्ती त्या स्त्रियांची हक्काची आहे. परंतु तोच रसिक आपल्या दाराशी गोधडी शिवायला येणाऱ्या बाईशी मजुरीसाठी घासाघीस करतो, आणि स्वतःच्या आईची गोधडी पाहुणे येण्यापूर्वी माळ्यावर टाकतो. भिंतीवर टांगली तर कला, अंगावर घेतली तर दारिद्र्य, असा हा न्याय आहे! गोधडीची लाज ही खरोखर गरिबीची लाज आहे. ठिगळ दिसले की कोणी तरी आपणांस खालच्या पायरीवर ओळखील, हे भय दोन पिढ्यांपूर्वी पायरी चढून आलेल्या आम्हां मध्यमवर्गीयांच्या हाडीमासी खिळले आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीचा आक्षेप. ती लिहिते, की ज्या सुईच्या टोकावर स्त्रीचे शिक्षण शतकानुशतके अडवून धरले गेले, तिचे गोडवे आपण गाऊ नयेत. ह्यातील अक्षर न्‌ अक्षर खरे आहे. डरहॅमच्या ज्या नाजूक गोधड्या आज संग्रहालयात पाहून आपण मान डोलावतो, त्यांपैकी पुष्कळ ‘क्लब’च्या गोधड्या होत. कोळशाच्या खाणीत नवरा मेला अथवा पंगू झाला, की त्याची बायको शेजाऱ्यांचा असा क्लब काढी; सभासद दर आठवड्यास थोडे थोडे पैसे भरीत आणि ती रात्रंदिवस चौकटीवर वाकून एकामागून एकाची गोधडी पुरी करी. १९२८ पासून तेथील ग्रामोद्योग मंडळाने ह्या स्त्रियांना मदतीची योजना केली, तेव्हा त्यांचे व वेल्समधील भगिनींचे काम लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलातील शय्यांपर्यंत पोचले. त्या शय्येवर निजणाऱ्यास टाक्यामागची पाठदुखी दिसली नसणार. ह्या कष्टांना काव्याची झूल घालण्याची माझी इच्छा नाही.

आणि माझी आईही ह्या आक्षेपाच्याच बाजूने साक्ष देती. सातवीत असता तिला शाळेतून काढून घरकामास व शिवणास बसविण्यात आले. म्हणून तिने मला कधी सुई धरू दिली नाही. मी जवळ गेले की म्हणे, “सुई माझ्यापुरती पुरे. तू पुस्तक धर.” मी पुस्तक धरले, त्याचेच आज खाते आहे. मग तिची गोधडी पुरी करणे ही तिच्याशी प्रतारणा झाली काय?

मी ह्याचा पुष्कळ विचार केला आहे. ही गोधडी आईने साठी उलटल्यावर, घरात पांघरुणांची काही ददात नसता, कोणीही न सांगता आरंभिली. तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे, आणि जेथे कोणाची दृष्टी जाणार नाही तेथेही तसेच आहेत. सक्तीचे काम असे होत नाही. तिचा राग सुईवर नव्हता. दुसरे काही हाती न देण्यावर होता. जे लादले गेले ते दास्य. जे निवडले ते नव्हे. माझ्या पिढीने मात्र ह्या दोहोंची गल्लत केली, आणि आईने आम्हांला दास्यातून सोडविले त्याबरोबर तिच्या हातातील विद्याही हीन म्हणून टाकून दिली. तिने दिलेल्या पुस्तकाने मी तिचेच काम तुच्छ लेखावे, ही खरी प्रतारणा. ती मी एकोणीस वर्षे केली.

काही स्नेही ह्या प्रकरणाला विरहाची छटा देतात: परदेशी गेल्यावर मायभूमीची आठवण, वगैरे. तेही खरे नव्हे. परमुलखात सुई हाती घेण्याची खरी कारणे ज्यांना होती, त्या स्त्रिया निराळ्या. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजातून हद्दपारीवर टास्मानियाकडे नेल्या गेलेल्या कैदी स्त्रियांनी वाटेत अडीच हजारांहून अधिक तुकड्यांची एक गोधडी शिवली. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. १९४२ साली सिंगापुरात जपान्यांच्या चांगी तुरुंगातील स्त्रियांनी चौकोनी तुकड्यांवर आपापली नावे व चिन्हे भरली, ती निराळ्या ठेवलेल्या नवऱ्यांना आपण जिवंत असल्याचे कळावे म्हणून. माझ्यावर असा कोणताही प्रसंग नव्हता. मी परदेशी शिवले ह्याचे कारण एवढेच, की तेथे मला कोणी ओळखत नव्हते. येथे दिवाणखान्यात गोधडी पसरून बसण्याचे धैर्य मला झाले नसते. तेव्हा ही गोधडी विलायतेत पुरी झाली हे तिचे भूषण नसून माझ्या भित्रेपणाचा दाखला आहे. आणि आमच्या विद्वान गृहस्थांनी हसायचेच, तर ह्या गोष्टीस हसावे.

सुविद्य वाचक-वाचिकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, कोणाच्या तरी हातचे असे एखादे अर्धे काम असेलच. ते बाहेर काढावे. त्याची चौकट करून भिंतीवर टांगू नये, त्याचे छायाचित्र काढून आठवणींचे उमाळेही आणू नयेत. पुरे करावे, आणि वापरावे. हे काम एकट्या बायकांचे आहे, असेही कोणी समजू नये. सुईला पुरुषाचा हात लागला तर ती मोडत नाही.

माझी गोधडी सध्या रोजच्या वापरात आहे. तिच्या एका भागातील टाके बारीक व सरळ आहेत. उरलेल्या दोन हातांतील टाके मोठे, वाकडे, कोठे कोठे सुटलेले. कोठे आई थांबली व कोठे मी सुरू केले, हे आंधळ्यालाही बोटाने समजेल. ते उसवून नीट करावे असे एकीने सुचविले. मी ते तसेच ठेवले आहे.